नवरात्रात नऊ घाट: पुण्याहून सावंतवाडी, दुचाकीवर एकट्याने

पाणवठा

घटस्थापनेच्या सकाळी साडेसहाला कोथरूडहून निघालो आणि नवमीच्या दुपारी सावंतवाडीत ताईच्या दारात गाडी लावली. दीडशे सीसीची साधी गाडी, नऊ वर्षं जुनी. मागे एक पिशवी, पुढे टाकीवर नकाशा.

आजवर कोकणात शंभरदा गेलो असेन. प्रत्येक वेळी एक घाट उतरायचा आणि मुंबई–गोवा रस्ता धरायचा. कोल्हापूरला जायचं तर बंगळूर महामार्ग. हे दोन्ही रस्ते सह्याद्रीच्या दोन कुशींना समांतर धावतात, डोंगर आपला खिडकीत निळा दिसत राहतो. चाळिशी ओलांडल्यावर जाणवलं की या डोंगराला मी फक्त शेजारून ओळखतो. म्हणून यंदा ठरवलं, उभं जायचं नाही, आडवं जायचं. एक घाट उतरायचा, पुढचा चढायचा, पुन्हा उतरायचा. गोधडीला धावदोरा घालतात तसं.

क्रम असा पडला: ताम्हिणी उतरलो, वरंध चढलो, आंबेनळी उतरलो, कुंभार्ली चढलो, आंबा उतरलो, भुईबावडा चढलो, करूळ उतरलो, फोंडा चढलो, आंबोली उतरलो. पसरणी आणि मांढरदेवी वाटेत लागले, पण ते देशावरचेच, म्हणून मोजले नाहीत. परतीसकट चौदाशेच्या आसपास किलोमीटर झाले.

पहिला दिवस सोपा. मुळशीचं पाणी काठोकाठ, ताम्हिणीत सोनकी अजून पिवळी होती. विळे, निजामपूर, माणगाव करत महाडला मुक्काम. संध्याकाळी चवदार तळ्यावर जाऊन बसलो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी या पाण्याला हात लावला. पायऱ्यांवर शाळेतल्या दोन मुली अभ्यास करत होत्या, त्यांच्या मागे तासभर शांत बसलो.

दुसऱ्या दिवशी वरंध. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट बंद ठेवतात, त्यामुळे आदल्या रात्री महाडच्या स्टँडवर विचारून घेतलं. माझेरी सोडलं की चढ सुरू होतो, आणि वाघजाईच्या देवळापाशी माणूस आपोआप थांबतो. देवीचे घट बसले होते. टपरीवरच्या मावशींनी भजी तळता तळता विचारलं, "एकटंच? घरचं कोण नाही?" मी म्हटलं, सगळे आहेत, मीच एकटा निघालोय. त्यांनी काही न बोलता आणखी दोन भजी कागदावर टाकली. तिथून पुढे भोरकडची बाजू नीरा देवघरच्या पाण्याच्या काठाकाठाने जाते. हिर्डोशीचा तो पट्टा मला सबंध प्रवासात सगळ्यात देखणा वाटला. भात पोटरीला आलेलं, पाण्यात डोंगर उलटे, रस्त्यावर मी आणि एक सायकलवाला. भोरहून मांढरदेवीवरून वाईत उतरलो. काळूबाईला नवरात्राची गर्दी होती, बाहेरूनच हात जोडले.

तिसऱ्या दिवशीची आंबेनळीची हकीकत सविस्तर लिहायला हवी, कारण तिथे मी मोठी चूक केली.

महाबळेश्वरहून वाडा कुंभरोशीपर्यंत उतार लांबलचक आहे. मी चौथ्या गिअरमध्ये, क्लच निम्मा दाबून, ब्रेकवर बोट ठेवून उतरत होतो. प्रतापगडाच्या फाट्याच्या अलीकडे जळका वास यायला लागला. पुढच्या ब्रेकची दांडी दाबली तर ती मऊ लागली, मुठीपर्यंत आली. पोटात धस्स झालं. कसाबसा मागच्या ब्रेकवर आणि खालच्या गिअरवर येऊन चहाच्या टपरीपाशी थांबलो. तिथे एसटीचे चालक चहा पीत उभे होते. त्यांनी चाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ज्या गिअरात चढला असता, त्याच गिअरात उतरायचं. ब्रेक थांबायला असतो, उतरायला नाही." मग म्हणाले, "अर्धा तास बसा. पाणी ओतू नका." पोलादपूरपर्यंतचा पुढचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. ब्रेकला जेमतेम सात-आठ वेळा हात लागला असेल.

बाकीचं उद्या लिहितो.

पान्हा

वीस वर्षं गॅरेज चालवतो, म्हणून दोन शब्द. त्या चालकांनी सोळा आणे खरं सांगितलं. डिस्क तापली की उष्णता कॅलिपरमधून ब्रेक ऑइलला जाते. ऑइल जुनं असेल तर त्याने हवेतला ओलावा शोषलेला असतो, ते लवकर उकळतं आणि नळीत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून दांडी मऊ लागते. थंड झाल्यावर बरं वाटतं आणि माणूस विसरतो. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, फार तर शे-दोनशे रुपयांचा मामला आहे. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतलं तर ती वाकू शकते, मग ब्रेक लावताना दांडी थरथरते.

उतारावर क्लच दाबून गाडी सोडू नका. इंजिनने गाडी धरून ठेवायला हवी. पेट्रोल वाचतं म्हणून बंद गाडी घाटात सोडणारी माणसं मी बघितली आहेत, त्यांच्या गाड्याही नंतर उचलून आणल्या आहेत.

रानजाई

वाचताना अंगावर काटा आला. मला दिवाळीनंतर असाच प्रवास करायचा आहे, एकटीने. तीन प्रश्न आहेत. मुक्काम कुठे केलेत? अंधार पडल्यावर कुठे अडकलात का? आणि घरच्यांना कसं समजावलंत? माझ्या आईमुळे शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे.

कड्यावरचा

माफ करा, पण मला हे पटत नाही. घाटात एकट्याने जाणं म्हणजे जीव टांगणीला लावणं. निम्म्या घाटांत मोबाइलला रेंज नसते. पडलात तर दोन तास कुणाला कळणार नाही. माझा मित्र असाच पडला होता, म्हणून कळकळीने लिहितोय. निदान दोघांनी जावं.

पाणवठा

कड्यावरचा, तुमचं म्हणणं मनाला लागलं आणि ते चूकही नाही. दोघांनी जाणं अधिक सुरक्षित, यात वादच नाही. एकट्याने जायचं तर जी शिस्त पाळायला हवी, ती मी काय पाळली एवढंच सांगतो. रानजाई, यातच तुमच्या आईंचंही उत्तर आहे.

ताईशी ठरवून घेतलं होतं. घाटाच्या तोंडाशी पोचलो की एकच शब्द पाठवायचा, "माथा" किंवा "पायथा". दुसऱ्या टोकाला पोचलो की दुसरा शब्द. दोन शब्दांमध्ये अडीच तासांहून जास्त वेळ गेला तर ती आधी मला फोन करणार, नाही लागला तर घाटाच्या दोन्ही बाजूंच्या पोलीस ठाण्यांना. ते नंबर तिच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरवर लिहिलेले होते. नऊ घाटांचे अठरा शब्द गेले. एकदाच तिचा फोन आला, त्याबद्दल पुढे लिहितो.

दुसरा नियम वेळेचा. परतीचा पाऊस सकाळी सहसा येत नाही. अकरापर्यंत ऊन तापतं, एक-दीडला पूर्वेकडून ढग चढतात, तीनला कडकडाट. म्हणून घाट सकाळी सहा ते बाराच्या आत आटपायचा आणि तीननंतर गाडी हलवायची नाही. अंधारात एकही घाट केला नाही. एका दमात हे सगळं बसवायची घाई नको, मी आंब्याला पावसामुळे एक अख्खा दिवस बसून काढला.

मुक्काम महाड, वाई, चिपळूणला स्टँडजवळच्या साध्या लॉजवर. आंबा, गगनबावडा आणि आंबोलीला घरगुती सोय. राधानगरीला मित्राच्या मामांकडे.

आता पुढचं. पोलादपूरहून कशेडीच्या बोगद्याने न जाता जुन्या घाटानेच गेलो, रस्ता जवळजवळ मोकळा होता. चौथ्या दिवशी चिपळूणहून कुंभार्ली. पायथ्याला पोफळी लागते. कोयनेचं पाणी खरं तर पूर्वेला कृष्णेकडे जाणारं, पण ते डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरवतात, पोफळीला त्याची वीज होते आणि मग ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. मी घाट चढत होतो आणि माझ्या पायाखालून कुठूनतरी कोयना घाट उतरत होती. हा विचार हेळवाकपर्यंत डोक्यातून जाईना. कोयनानगरला जरा थांबून पाटण, कऱ्हाड, कोकरूड, मलकापूर करत आंब्याला पोचेस्तोवर थकून गेलो. हा टप्पा लांब झाला. पुन्हा गेलो तर पाटणलाच राहीन.

शिवसागर

कोयनेचं नाव वाचून लिहायला बसले. आमच्या आजोबांचं गाव कोयना धरणाच्या पाण्याखाली आहे. १९६० च्या आसपास उठले, आणि आमचं घराणं तिथून थेट ठाणे जिल्ह्यात आलं. आजी शेवटपर्यंत "आमच्याकडं" म्हणायची ते त्या गावालाच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आजोबा ठाण्यात रडले होते, असं बाबा सांगतात. कोयनानगर पडलं होतं, ओळखीची माणसं गेली होती. तिथून जाणाऱ्या प्रत्येकाने क्षणभर धरणाकडे बघून थांबावं असं वाटतं. तुम्ही थांबलात, बरं वाटलं.

पाणवठा

शिवसागर ताई, पुढच्या वेळी तुमच्या गावाचं नाव घेऊन थांबेन. कळवाल का?

शिवसागर

व्यक्तिगत निरोपात कळवते.

जांभा

मी खारेपाटणकडचा. भुईबावड्याचं वाचायला थांबलोय. पण त्याआधी एक. खारेपाटण हे आता महामार्गावरचं एक गाव वाटतं, पण जुन्या काळी ते बंदर होतं. विजयदुर्गची खाडी आत घुसते आणि वाघोटन नदीतून गलबतं इथवर यायची. शिलाहारांचे ताम्रपट इथे सापडले, त्यातला रट्टराजाचा इ.स. १००८ चा. बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढायचा. आमची पणजी सांगायची, मीठ आणि सुकी मासळी वर, गूळ आणि मिरची खाली. तुम्ही ज्याला धावदोरा म्हणताय तो हजार वर्षं पडतोय. उभा रस्ता नवा आहे, आडवे रस्ते जुने.

पाणवठा

जांभा, हेच शोधत होतो मी आणि मला शब्द सापडत नव्हते. आडवे रस्ते जुने. घाट उतरला की अर्ध्या तासात कौलं बदलतात, भाताची जात बदलते, बोली बदलते. आंब्याला "कुठनं आलायसा?" विचारतात. आंबा उतरून दाभोळ्यावरून लांजा, राजापूर करत तुमच्या खारेपाटणला चहा घेतला तर "खंयसून इलात?" मग भुईबावडा चढून गगनबावड्यात पुन्हा "पाव्हणं, बसा की". एका दिवसात तीनदा माझं स्वागत झालं आणि तीनही मराठीच.

भुईबावड्यात पडलो. ताईचा तो एक फोन तेव्हाचा.

दुपारचे साडेअकरा झाले होते. निम्मा घाट चढल्यावर दरीत ढग उतरताना दिसले, फोटो घ्यावा म्हणून गाडी डावीकडे घेतली. तिथे कातळातून पाणी झिरपत होतं आणि रस्त्याच्या कडेला हातभर रुंदीचा हिरवा पट्टा होता. मला ते गवत वाटलं. पुढचं चाक त्यावर गेलं आणि काही कळायच्या आत गाडी आडवी, माझा डावा पाय खाली. वेग नव्हता, म्हणून निभावलं. हेल्मेट, हातमोजे, गुडघ्याची ढाल सगळं अंगावर होतं. उठायला गेलो तर बूट पुन्हा घसरला. बोट लावून बघितलं, ओल्या साबणासारखं शेवाळ. टाकीच्या झाकणातून पेट्रोल थेंबथेंब गळत होतं, त्याचा वास आणि ओल्या मातीचा वास एकत्र येत होता. क्लचची दांडी वाकून मुठीला टेकली होती.

मोबाइलला रेंज नव्हती. दहा मिनिटांनी वरून म्हशी आल्या, त्यांच्या मागे एक गवळी धनगर आजोबा, खांद्यावर घोंगडं. त्यांनी काठी बाजूला ठेवली, मागचं चाक धरलं आणि दोघांनी मिळून गाडी उभी केली. म्हणाले, "पाव्हणं, हितं हिरवं दिसलं की पाय ठिवू नगा. चाक तर न्हाईच." मला हाताला धरून रस्त्याच्या मधे आणलं. म्हशी तेवढा वेळ थांबून बघत होत्या. पैसे देऊ केले तर हात जोडले. माझ्याकडचा चिक्कीचा पुडा मात्र घेतला, नातवासाठी.

दांडी हळूहळू सरळ केली, मोडली नाही. तशीच गाडी गगनबावड्यापर्यंत नेली. रेंज आल्या आल्या फोन वाजला. ताई काही बोलली नाही, नुसता श्वास ऐकू आला. मी म्हटलं, "माथा." मग ती रागावली.

पान्हा

पिशवीत सुटी दांडी, क्लचची तार, ट्यूबलेसचा पंक्चर संच आणि एम-सील ठेवत जा. दांडी सरळ करताना घाई करू नका, कडकन मोडते. आणि पडल्यावर गाडी लगेच चालू करू नका. दोन मिनिटं उभी ठेवा, तेल खाली बसू द्या.

कड्यावरचा

तो दोन शब्दांचा नियम मी माझ्या मुलाला सांगितला. त्याच्यावर वाद घालायला मला जागा सापडली नाही.

बेडूकमित्र

आंबोलीबद्दल लिहाल तेव्हा एक विनंती जोडा. आंबोलीत रात्री गाडी चालवायचीच असेल तर अगदी हळू. तिथल्या जांभ्याच्या सड्यांवर आंबोली टोड नावाचा बेडूक राहतो. २००९ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि तो अतिसंकटग्रस्त आहे. पावसात बेडूक, चापडे साप, खेकडे रस्त्यावर येतात आणि चाकाखाली जातात. हिरण्यकेशीच्या उगमाशी एक छोटासा मासा आहे, २०२० मध्ये त्याला नदीचंच नाव मिळालं, *शिस्टुरा हिरण्यकेशी*. त्या मंदिराचा परिसर २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. मंदिरात गेलात तर कुंडात साबण, दूध, निर्माल्य काही टाकू नका.

पाणवठा

बेडूकमित्र, जोडलीच म्हणून समजा. मी अंधार पडायच्या आत पोचलो होतो, पण जेवणानंतर घरमालकांबरोबर बॅटरी घेऊन पायी फिरलो. रस्त्याच्या कडेला एका झुडपावर चापडा बसला होता, पानासारखा हिरवा. दहा मिनिटांत तो तसूभर हलला नाही.

मधलं थोडक्यात. करूळ उतरून वैभववाडी, तळेरे, नांदगाव तिठ्यावरून फोंडा. फोंडा घाट चढून दाजीपूरच्या जंगलात शिरलो तर वळणावर गवा. पायात पांढरे मोजे घातल्यासारखा, खांद्याला माझ्या डोक्याहून उंच. इंजिन बंद केलं, दिवा बंद केला. तो रस्त्यात उभा, मी चाळीस पावलांवर. हॉर्न वाजवायचा नाही हे ऐकून होतो. मागून आलेल्या टेंपोवाल्यानेही काही न विचारता इंजिन बंद केलं. सहा-सात मिनिटांनी गवा सावकाश कारवीत शिरला, आणि त्यानंतरही टेंपोवाला हलेना. म्हणाला, "एक गेला की दुसरा असतोय." खरंच, मागून दोन आले.

राधानगरीला शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण बघितलं. पाणी ठरावीक पातळीवर चढलं की तिथले स्वयंचलित दरवाजे आपसूक उघडतात, पण मी गेलो तेव्हा बंद होते. गारगोटी, उत्तूर, आजरा करत आंबोली. नवमीला सकाळी आंबोली उतरलो, खाली दाणोलीला ताईला शेवटचा "पायथा" पाठवला. दसऱ्याला गाडी धुतली. साखळीत अडकलेला भुईबावड्याचा चिखल काडीने काढला, झेंडूचा हार घातला. ताईने गाडीला हळदकुंकू लावलं आणि मग माझ्या डाव्या गुडघ्यालाही.

रानजाई

आई "हो" म्हणाली. तिला धागा मोठ्याने वाचून दाखवला. वाघजाईच्या मावशींपाशी ती हसली, भुईबावड्यापाशी उठून आत गेली, मग बाहेर येऊन म्हणाली, "मला ते दोन शब्द पाठवशील ना?"

*(साडेचार आठवड्यांनी)*

रानजाई

गगनबावड्यातून लिहितेय. माझा पाचवा दिवस. जाणाऱ्यांसाठी सांगते, वरंधमध्ये माझेरीच्या वर काही ठिकाणी रस्ता खणून ठेवलाय, सुटी खडी आहे, दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ नका. वाघजाईच्या मावशींना तुमचा निरोप दिला. त्यांना तुम्ही आठवत नव्हता, पण भजी मलाही दोन जास्त मिळाली. कोयनेला शिवसागर ताईंच्या गावाचं नाव घेऊन थांबले.

आता खाली उतरायचंय. करूळने जाऊ की भुईबावड्याने? तासाभरात निघतेय.

पाणवठा

भुईबावड्याने जा, गर्दी कमी असते. तुम्ही उतरत असाल तर झिरपणारा कातळ उजव्या हाताला येईल. तिथे अजिबात कडेला घेऊ नका, फोटो पुढच्या वळणावरूनही छान येतो. दुसरा गिअर.

जांभा

खारेपाटणला चहाला थांबा. आमच्याकडचा पाहुणचार बाकी आहे.

रानजाई

पायथा. ११:५०. शेवाळ वाळून तपकिरी झालंय.